खोटी खूण

संक्रांतीला भरणारी गड्डा जत्रा उठल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, भवानी पेठेतल्या एका चहाच्या हॉटेलात आम्ही चौघांनी पाचव्याला खोटा ठरवलं. न पाहिलेल्या चित्रपटावर त्याने मत दिलं, असा आरोप होता. वीस मिनिटं बोलणं झालं. त्याने आरोप कबूल केला, चहा अर्धा ठेवला आणि तो निघून गेला.

आम्ही पाच जण सहा वर्षं दर रविवारी तिथे बसत होतो. मी एका दैनिकात उपसंपादक आहे. जिल्ह्याचं पान लावतो. रविवारी माझी पाळी दुपारी सुरू होते, त्यामुळे सकाळ मोकळी असते. दुसरा एसटीत कंडक्टर, मंद्रूपकडचा. तिसऱ्या होत्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात वरिष्ठ लिपिक. त्यांना सगळे मॅडम म्हणत. चौथे शेठ, सूत रंगवणाऱ्यांना रंग आणि रसायनं विकणारे. पाचवे अण्णा. वय अठ्ठावन्न, आमच्यात सगळ्यात मोठे, घरी तेलुगू बोलणारे, टॉवेलच्या कारखान्यात नोकरीला.

आठवड्यात थिएटरात पाहिलेल्या चित्रपटाबद्दल रविवारी बोलायचं, एवढंच आमचं नातं. मोबाइलवर पाहिलेला धरत नसू. कुणी कुणाच्या घरी जात नव्हतं. मॅडमच्या यजमानांना मी एकदाच पाहिलं, तेही मध्यंतरात, पॉपकॉर्नच्या रांगेत.

खुणेचा नियम मी केला. त्याचं कारण शेठ. एका दाक्षिणात्य चित्रपटावर ते तीन चहा होईपर्यंत बोलले. दिग्दर्शन कसं ढिलं आहे, खलनायक कसा वाया घालवला आहे, सगळं. मग मॅडमनी सहज विचारलं, "शेठ, हिरोची बहीण कोणत्या पायाने लंगडते?" शेठना बहीणच माहीत नव्हती. त्यांनी त्या चित्रपटावरचा नऊ मिनिटांचा व्हिडिओ पाहिला होता. सगळे हसले. शेठही हसले. मी म्हणालो, बातमीला दोन सूत्रं लागतात, मताला निदान एक लागावं. त्या दिवसापासून मत देण्याआधी खूण द्यायची ठरलं. खूण म्हणजे चित्रपटात डोळ्यांना दिसलेली एखादी गोष्ट, जी जाहिरातीत नाही, पोस्टरवर नाही, कथेच्या सारांशात नाही. तो चित्रपट पाहिलेल्या दुसऱ्याने ती मान्य करायची. खूण खोटी निघाली तर महिनाभर मत द्यायचं नाही. यायचं, बसायचं, ऐकायचं.

नियमामुळे चित्रपट पाहण्याची आमची रीत बदलली. प्रत्येक जण आपापल्या कामाचं पाहू लागला. कंडक्टरच्या खुणा गाड्यांच्या असत. "त्या यष्टीची पाटी आपल्या बाजूची, अन् रस्ता कोकणातला. डायवर काय झोपला व्हता का?" मॅडम कचेऱ्या तपासत. कलेक्टरच्या टेबलावरची फाइल रिकामी आहे, शिक्क्याचं पॅड बंद असताना शिक्का उमटला, असलं काही. मी भिंतीवरची कॅलेंडरं आणि नटांच्या हातातली वर्तमानपत्रं बघायचो.

अण्णांच्या खुणा कापडाच्या. त्यांना तोड नव्हती. एका ऐतिहासिक चित्रपटात सरदाराच्या पलंगावर चादर होती. अण्णा म्हणाले, "ती चादर आपल्याकडची आहे. त्या राजाला लई पुढचं दिसत होतं. पॉवरलूम यायच्या आधी पॉवरलूमची चादर घेतला." दुसऱ्या एका चित्रपटात विधवेच्या दोन प्रसंगांतल्या पांढऱ्या साड्या वेगवेगळ्या आहेत, एक निळसर पांढरी आणि एक पिवळसर पांढरी, हे त्यांनी सांगितलं. आम्ही तिघं परत जाऊन पाहून आलो. खरं होतं.

त्यांचं कामच ते होतं. तरुणपणी ते टॉवेल-चादरीची नक्षी काढत. नक्षी संगणकावर गेली तेव्हा कारखान्याने त्यांना शेड पास करायला ठेवलं. रंगवून आलेल्या सुताची लडी मंजूर नमुन्याशेजारी धरायची आणि रंग जुळला की नाही ते सांगायचं. रंग बघायचं यंत्र कारखान्यात आहे, पण मालकाचा भरवसा अण्णांवर होता. अण्णा हो म्हणाले की सूत मागावर चढायचं.

दिवाळीनंतर त्यांच्या खुणा चुकू लागल्या. पहिल्यांदा त्यांनी एका पोलिसाच्या टेबलावर चहाचा कप सांगितला. तो फोन होता. नंतर एका गाण्यात नायिकेच्या मागे कारंजं आहे म्हणाले, ते झाड होतं. दोन्ही वेळा आम्ही वयावर सोडून दिलं. कंडक्टर म्हणाला, "अण्णा, डुलकी लागली व्हय?" अण्णा म्हणाले, "पिक्चरच तसला होता की."

त्या रविवारचा चित्रपट मराठी होता. दोन बहिणी, एक आई, गावाकडचं घर आणि ते विकायचं की नाही हा वाद. आम्ही पाचही जणांनी तो पाहिला होता, निदान तसं सांगत होतो. सुशीलाच्या, म्हणजे फोडणीच्या चुरमुऱ्यांच्या, बशा आल्या. मॅडमना चित्रपट फार आवडला होता. त्या सहसा कशाला चांगलं म्हणत नाहीत. गाणं सुरू झालं की पर्स आवरायला घेतात. त्या दिवशी म्हणाल्या, "शेवटाला मी उठलेच नाही. झाडूवाला आला तरी बसून होते."

अण्णा म्हणाले, "शेवट पोकळ आहे. काय घडतंय त्यात? कोण बोलत न्हाय, काय न्हाय. पिक्चर संपवायला सुचलं न्हाय म्हणून संपवला."

"आधी खूण," शेठ म्हणाले.

"धाकटीच्या लग्नात आईचं लुगडं. हिरवं. काठ तांबडा, बारीक."

मॅडमनी चमचा खाली ठेवला. "अण्णा, ते निळं होतं."

"हिरवं."

"निळं. ते लुगडं निळं आहे म्हणून तर थोरली चिडते. वडील गेल्यावर आईने घेतलेलं पहिलं लुगडं. सगळा वाद त्यावर आहे."

"पोस्टरवर हिरवं हाय," कंडक्टर म्हणाला. "थेटराच्या भाईर लावलंय की. त्यात आई हिरव्यातच हाय."

मग मी विचारलं. मला तो प्रश्न विचारायची गरज नव्हती. मी म्हणालो, "शेवटी थोरली काय करते?"

"काय करते? बसते."

"हातात काय असतं?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. थोरली शेवटी दाराचं कुलूप काढून ते विहिरीत टाकते. चार मिनिटांचा प्रसंग आहे, एक शब्द नाही. घर विकायचं नाही, हे त्यातूनच कळतं. ते ज्याला कळलं नाही, त्याने चित्रपट पाहिलेला नाही, असा निष्कर्ष निघत होता. मी तो काढला.

"अण्णा, लई झालं की," कंडक्टर म्हणाला. "तुमी बघितलाच न्हाय."

"बघितलो म्हणालो की. तिकीट दाखवू काय?"

"तिकिटाचं काय," शेठ म्हणाले. "माझ्या वेळी हेच पाच जण होते. तेव्हा सगळ्यात जास्त कोण हसलं होतं? थोरली विहिरीत काय टाकते ते सांगता येत नाही, आणि शेवटाला पोकळ म्हणता?"

मॅडम म्हणाल्या, "अण्णा, नसेल पाहिला तर नसेल. सांगून टाका. त्यात काय एवढं?"

अण्णांनी बशी सरकवली. "न्हाय बघितलो," ते म्हणाले. "यूट्यूबवर ऐकलो." मग उठले. जाताना त्यांचा हात शेजारच्या टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाला लागला आणि ग्लास पडला. मी ते पाहिलं. राग आहे असं मला वाटलं.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्यावर ते होते, पण बोलत नव्हते. बाकीचे बोलत होते. न पाहता बोलण्याला 'अण्णा मारणं' असा शब्द कंडक्टरने काढला आणि तो रुळला. हिरव्या साडीतल्या कुठल्याही बाईचं चित्र आलं की कुणीतरी लिहायचं, 'अण्णा, रंग सांगा.' मॅडमनी एकदा लिहिलं, 'आता पुरे.' दोन दिवस पुरलं.

तिसऱ्या आठवड्यात मी त्याच थिएटरात दुसरा चित्रपट पाहायला गेलो. दारावर तिकीट फाडणारा माणूस आम्हा पाचही जणांना ओळखतो. तो म्हणाला, "तुमचे अण्णा दिसले न्हाईत परत?" मी परत म्हणजे काय ते विचारलं. त्याने सांगितलं, दोन बहिणींच्या चित्रपटाला अण्णा दोनदा आले होते. शुक्रवारी एकटे, शनिवारी पत्नीला घेऊन. दोन्ही वेळा पहिल्या रांगेत बसले. "मागं सगळं थेटर मोकळं, अन् हे पडद्याला नाक लावून. मी म्हणालो, अण्णा, मान दुखंल. तर हसले."

शनिवार म्हणजे आमच्या त्या रविवारचा आदला दिवस.

सोमवारी मी त्यांच्या घरी गेलो. सहा वर्षांत पहिल्यांदा. शेजारच्या घरात माग चालू होते, त्यामुळे दोघांनाही मोठ्याने बोलावं लागत होतं. बोलणं असं होतं, की ते मोठ्याने बोलायचं नव्हतं. अण्णांनी पत्नीला तेलुगूत काहीतरी सांगितलं. तिने जाऊन रस्त्याकडचं दार लावलं.

मधुमेह पंधरा वर्षांचा. दिवाळीच्या आधीपासून डोळ्यांच्या आत रक्त उतरत होतं. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली होती. उजव्या डोळ्याने कडेचं दिसायचं, समोरचं नाही. डाव्याने दिसायचं, पण विरळ. डॉक्टर म्हणाले होते, निळ्या-हिरव्यात गल्लत होईल.

"मला होत नव्हती," अण्णा म्हणाले. "होत असली तर मला कळाली असती की न्हाय? चाळीस वर्षं रंग बघतो मी. बाकीचं सगळं हिला विचारलो. कोण आलं, हातात काय आहे, चिठ्ठीत काय लिवलंय. रंग मी कुणाला विचारत न्हाय."

त्यांच्या पत्नीने सांगितलं, "शनिवारी मी सगळं सांगत होते कानात. शेवटाला मला रडू आलं. सांगायचं राहिलं."

मी विचारलं, "मग त्या दिवशी हेच का नाही सांगितलं? आपली माणसं होती."

"आमचं सूत शेठच्या रंगात रंगून येतं, मालकाकडे त्याचं जाणं-येणं आहे, माहीत आहे ना?" ते म्हणाले. "खोटारडा म्हणाले तर चालतंय. तेवढ्याने पगार थांबत न्हाय. डोळे गेले म्हणाले तर उद्या माझ्या जागी दुसरा उभारतो. साठ पूर्ण व्हायला अजून दोन वर्षं आहेत. इंजेक्शन लागू पडलं तर तेवढं निघतंय." मग म्हणाले, "संपादक, हे बाहेर जायचं न्हाय."

मी म्हणालो, जाणार नाही.

वर्तमानपत्रात चूक छापली गेली की दुरुस्ती छापतात. चूक जिथे झाली तिथेच, आणि कारणं न सांगता. मी ते काम बावीस वर्षं केलं आहे. अण्णांच्या घरून परतल्यावर दोन दिवस ग्रुपवर 'अण्णा, रंग सांगा' चालूच होतं. बुधवारी दुपारी, पानाचं काम सुरू होण्याआधी, मी ग्रुपवर हे लिहिलं:

'दुरुस्ती. अण्णांनी चित्रपट पाहिला नाही असं आपण ठरवलं होतं. ते चुकीचं आहे. त्यांनी तो शुक्रवारी आणि शनिवारी असा दोनदा, थिएटरात, पहिल्या रांगेतून पाहिला. थिएटरच्या माणसाने याला दुजोरा दिला आहे. त्यांच्यावरची बंदी रद्द समजावी.'

डोळ्यांबद्दल एक शब्द नव्हता. पाठवण्याआधी मी मजकूर तेवढ्यासाठी दोनदा वाचला. अण्णांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते, हे मला माहीत होतं.

कंडक्टरने हात जोडल्याचं चित्र टाकलं. मॅडमचा फोन आला. "मग त्यांनी कबूल का केलं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही.

शेठनी ग्रुपवर लिहिलं, 'पहिल्या रांगेत? अण्णा कायम बाल्कनीत बसतात.'

मी उत्तर दिलं, 'पहिल्याच रांगेत. खात्री केली आहे.'

दहा मिनिटांनी शेठचा दुसरा संदेश आला. 'आणि निळ्याला हिरवं म्हणाले.' मी पान लावायला घेतलं.

मला माहीत नसलेली गोष्ट अशी होती. जत्रेच्या आधी त्या कारखान्याचा टॉवेलचा माल परत आला होता. एकाच मागणीतले काही टॉवेल निळे, काही हिरवट. मालकाने दोष रंगाला दिला आणि, अण्णांच्या कानावर न घालता, सूत रंगवणाऱ्याला शेठचा रंग घ्यायला बंदी केली. शेठनी रंग तपासून दाखवतो म्हटलं, तेव्हा मालक म्हणाला, "सूत अण्णांनी पास केलंय. अण्णा चुकत नाहीत." रविवारी धंद्याचं बोलायचं नाही ही शेठची स्वतःची शिस्त. त्यामुळे यातलं काहीही त्यांनी हॉटेलात सांगितलं नव्हतं. अण्णांच्या समोर तर नाहीच.

गुरुवारी सकाळी शेठ मालकाला भेटले.

हे मला शेठनीच सांगितलं. त्यानंतरच्या रविवारी हॉटेलात आम्ही दोघंच होतो. कंडक्टरची ड्यूटी लागली होती, मॅडम आल्या नाहीत. शेठनी चहा मागवला आणि माझ्या आधी बोलायला सुरुवात केली.

"संपादक, तोंड वाकडं करू नका. माझ्याकडे चार माणसं कामाला आहेत. दोन महिने तो कारखाना बंद आहे मला. बाजारात नाव गेलं, रंग खराब म्हणून. माझा रंग खराब नव्हता. तुम्ही दुरुस्ती छापता ना? मीही तेच केलं."

मी म्हणालो, "आधी अण्णांना विचारायचं होतंत."

"विचारून काय झालं असतं? त्यांनी परत काहीतरी खोटं कबूल केलं असतं." त्यांनी बशीत चहा ओतला. "मला सांगा, ते पहिल्या रांगेचं तुम्ही का लिहिलंत? दोनदा पाहिला एवढं लिहिलं असतं तरी भागत होतं."

मी म्हणालो, माहिती नेमकी असावी म्हणून.

"तेच म्हणतो मी," शेठ म्हणाले.

त्यानंतर आमचा रविवार झालेला नाही. ग्रुप आहे. कंडक्टर अधूनमधून कुठल्यातरी ट्रेलरची लिंक टाकतो. मॅडमनी एकदा नव्या चित्रपटाबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. खूण दिली नव्हती, कुणी मागितलीही नाही. मी पुन्हा अण्णांच्या घरी गेलो तेव्हा त्यांच्या पत्नीने दार उघडलं, अण्णा झोपले आहेत असं सांगितलं आणि दारातच उभ्या राहून माझ्या प्रश्नांची उत्तरं दिली. आत रेडिओ चालू होता आणि कुणीतरी तो बंद केला.

पुढची माहिती कारखान्याच्या कार्यालयातल्या लिपिकाने दिली आणि अण्णांच्या पत्नीने तिला दुजोरा दिला. शेठ भेटून गेले त्याच गुरुवारी दुपारी मालकाने अण्णांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर सुताच्या दोन लड्या ठेवल्या होत्या, एक निळी आणि एक हिरवट निळी. रंग जुळतो का, असं विचारलं. अण्णांनी लड्या उचलल्या, खिडकीशी नेल्या, बोटांनी चोळून पाहिल्या आणि जुळतो म्हणाले. मालकाने परत विचारलं. अण्णा परत जुळतो म्हणाले. शुक्रवारी त्यांना पुढच्या महिन्यापासून येऊ नका असं सांगण्यात आलं. तसा कागद तयार होता. सही कुठे करायची ते लिपिकाने बोट ठेवून दाखवलं. सही ओळीच्या खाली गेली.